चौथा शाप

"कुणाचं पाप गं हे, बिचारीचं?"

आवाज खिडकीकडचा. बाई पन्नाशीच्या असाव्यात, तोंडात सुपारी. विचारतायत शेजारणीला, पण तुझ्याबद्दल. तू त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी आहेस. डाव्या हातात वरची कडी, उजव्या खांद्याला पिशवी, पिशवीत सेफ्टी पिनांची पाकिटं, केसांचे चाप, हातरुमाल. कर्जत लोकलचा लेडीज डबा बदलापूरला निम्मा रिकामा झालाय. गर्दी ओसरली की डब्यातलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. आणि डोळस माणसांचा एक समज असतो, की जिला दिसत नाही तिला ऐकूही येत नाही.

तू वांगणीची. तुझ्यासारखी शेकडो अंध माणसं या एका स्टेशनाभोवतीच्या चाळींत राहतात. मुंबईपेक्षा भाडं परवडतं, स्टेशन जवळ आहे आणि पोट लोकलवर चालतं. कुणी पेनं विकतं, कुणी चाव्यांच्या चेनी, कुणी ढोलकी घेऊन गातं.

त्या बाईंचा प्रश्न तुझ्या ओळखीचा आहे. लहानपणी आजी म्हणायची, मागच्या जन्मी काय केलं होतंस कुणास ठाऊक. लग्नाच्या बोलण्यांत तुझ्या आईला विचारलं गेलं, पोटुशी असताना ग्रहण पाळलं होतंत का. तुला पोरगा झाला तेव्हा नणंदेनं पाळण्याजवळ काडी पेटवली, गुल विझल्याचा वास येईपर्यंत कुणी बोललं नाही, आणि मग ती म्हणाली, "बघतोय." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एकदा मैत्रिणीबरोबर तू एका प्रार्थनासभेला गेलीस. तुला पुढे नेलं, डोक्यावर हात ठेवले, खूप वेळ मोठमोठ्यानं प्रार्थना झाली. डोळे होते तसेच राहिले. परत येताना तुझा हात धरलेली बाई हळूच म्हणाली, "विश्वास कमी पडला तुझा."

म्हणजे दोष तुझ्या मागच्या जन्माचा, नाहीतर तुझ्या आईचा, नाहीतर तुझ्या श्रद्धेचा. खटला एकच, आरोपी तेवढे बदलत राहतात.

गाडी मधेच थांबते. बदलापूर सुटलंय, वांगणी यायचंय. उल्हास नदी या पट्ट्यात रुळांपासून फार लांब नाही. २०१९च्या जुलैत, २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच पाण्यात अडकली होती. डब्यांत हजारावर माणसं, त्यांत गरोदर बायका, बाहेर चहूकडे पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एनडीआरएफ, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्या सकाळी चाळीत कुणी म्हणालं, देवाचा कोप. पुढच्या वर्षी मार्चमध्ये करोनामुळे लोकलच बंद झाल्या, पिशवी महिनोन्‌महिने खुंटीला लटकत राहिली, तेव्हाही तेच शब्द. कोप, शिक्षा, न्याय. तुझ्या मैत्रिणीच्या बायबलमध्ये हे तिन्ही शब्द पुष्कळ आहेत, हे तुला माहीत आहे. ते कुणाला उद्देशून आहेत, हे ऐकायला आता जायचं आहे.

उतर.

पायाखाली खडी लागत नाही, कोरडी माती लागते, मधेच टोकदार दगड. वारा दोन्ही अंगांनी अडतोय, म्हणजे तू दरीत आहेस. बकऱ्यांचा वास, लोकरीचा, हजारो माणसांच्या घामाचा. उत्तरेला एबाल डोंगर, दक्षिणेला गरिज्जीम, मधे शखेम. आजच्या नकाशात हे नाब्लुस. यहोशवाच्या पुस्तकात सांगितलेला तो दिवस चालू आहे. इस्राएलाचे निम्मे वंश या डोंगराकडे तोंड करून, निम्मे त्या डोंगराकडे, मधोमध कराराचा कोश, आणि मोशेचं नियमशास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जातंय. ऐकणाऱ्यांत बाया आहेत, तान्ही मुलं आहेत, त्यांच्यात येऊन राहिलेले परकेही आहेत. परक्यांना जागा आहे, म्हणून तुला कुणी हटकत नाही.

लेवी या याजकवंशाचे लोक उंच आवाजात एक शाप उच्चारतात आणि दोन्हीकडून एकदम 'आमेन' येतं. तो आवाज तुझ्या छातीच्या पिंजऱ्यात घुमतो. भाषा तुझी नाही, तरी अर्थ कळतो. पहिला शाप लपूनछपून मूर्ती करणाऱ्याला. दुसरा आईबापांना तुच्छ लेखणाऱ्याला. तिसरा शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याला. बांधापायी भावाभावांत कायमचं बोलणं तुटल्याचं तू गावी ऐकलं आहेस, हा तुला लगेच समजतो. चौथा शाप आंधळ्याला रस्त्यात भलत्या वाटेला लावणाऱ्याला. आमेन. पाचवा परका, अनाथ आणि विधवा यांच्या न्यायात खोट करणाऱ्याला. आमेन.

चौथ्यालाच तू थबकली होतीस. 'शाप' हा शब्द तुझ्या नावाला चिकटून आला नाही असं आजवर घडलं नव्हतं. इथे तो तुला ओलांडून पलीकडे गेला. दादर आलं म्हणून तुला परळला उतरवून हसत गेलेली ती पोरं तुला आठवतात. त्या गोष्टीला देवाच्या नियमशास्त्रात जागा असेल, डोंगर दणाणून टाकणारी जागा, असं तुला कधी वाटलं नव्हतं.

पण एवढ्यावर निघू नकोस. 'अनुवाद' या पुस्तकात हे शाप सत्ताविसाव्या अध्यायात आहेत आणि अठ्ठाविसावा अध्याय भयंकर आहे. या राष्ट्रानं करार मोडला तर काय काय होईल याची ती यादी: दुष्काळ, रोग, पराभव, आणि त्यात वेड लागणं, आंधळेपण येणं, भर दुपारी चाचपडणंही आहे. आंधळेपण ही शिक्षा असू शकते, हे बायबलमध्ये लिहिलेलं आहे. ते नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. मला एवढंच सांगायचं आहे, की तो इशारा पुढे बघून दिलेला आहे आणि एका अख्ख्या राष्ट्राला दिलेला आहे. कुणी आंधळा दिसला की मागे जाऊन त्याचा गुन्हा शोधा, असं त्यात म्हटलेलं नाही. असं उलट चालणारं गणित बायबलमध्ये एका पुस्तकात फार तपशिलात मांडलंय. ईयोबाची गुरंढोरं, मुलं, शरीर, सगळं उद्ध्वस्त झाल्यावर त्याचे तीन मित्र त्याला तेच ऐकवत राहतात: एवढं भोगतो आहेस म्हणजे काहीतरी केलं असणारच. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग पेटतो तो ईयोबावर नाही. त्या मित्रांवर पेटतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबाला करावी लागते.

वाटेत बाबेलला क्षणभर थांब. कालव्याचं पाणी, चिखलाच्या विटा, खजुराचा वास. इ. स. पू. ५९७मध्ये यरुशलेमहून उचलून आणलेले लोक इथे खबार नदीकाठी तेल-अबीबात राहतात. त्यांच्यात एक म्हण रूढ झाली आहे: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली नि दात मुलांचे आंबले. आमची शिक्षा ही वाडवडिलांच्या पापाची, आम्ही काय करणार, असा तिचा सूर. निर्वासितांच्या वस्तीबद्दल तू उल्हासनगरच्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं आहेस; घर गेलेल्या माणसाला कारण हवं असतं, आणि कारण जितकं जुनं तितकं सोसायला सोपं. यहेज्केल संदेष्टा त्यांना सांगतो, की ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, बाप मुलाच्या नाही. आणि दुष्टाच्या मरणातही देवाला आनंद नाही. तो वळावा आणि जगावा, हेच देवाला हवं आहे. 'निर्गम'मध्ये मात्र बापाच्या पापाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत, आणि हा ग्रंथ स्वतःशी वाद घालतो म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

आता यरुशलेम. इ. स. ३०च्या आसपासची एक शब्बाथाची, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसाची, सकाळ.

पायाखाली रुंद फरशा, सूर्यानं तापलेल्या. कुठेतरी वर मंदिर आहे: जळत्या चरबीचा वास आणि धूप एकत्र येतोय. मंडपाचा सण नुकताच झालेला, कोपऱ्याकोपऱ्यांत सुकलेल्या फांद्या पायात येतात. भिंतीच्या कडेला एक माणूस बसलेला आहे. त्याच्या श्वासावरून तरुण वाटतो. तू त्याच्या शेजारी बस. तो तुझ्या काठीला हात लावून बघतो आणि सरकून जागा देतो. तुमची ओळख करून द्यायची गरज नाही.

पावलं येतात, बारा-तेरा माणसांची. पुढ्यात थांबतात. आणि तोच प्रश्न, गालीलच्या हेलात, त्याच्या डोक्यावरून: गुरुजी, हा जन्मतः आंधळा आहे तो कुणाच्या पापानं, ह्याच्या का ह्याच्या आईबापाच्या?

लोकलमध्ये तू अशीच उभी होतीस. विचारणारे वाईट नाहीत. त्यांना खरोखरच कोडं पडलंय, जन्माआधी माणसाच्या हातून पाप कसं घडेल. पण तो इथे बसलाय, ऐकतोय, आणि ते त्याला विचारत नाहीत. तुझ्या शेजारचा श्वास रोखला जातो.

योहान हे सगळं आपल्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात सांगतो. येशूचं उत्तर लहान आहे. यानंही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. देवाची कामं याच्यात दिसावीत म्हणून. आणि लगेच: दिवस आहे तोवर ती कामं आपल्याला केली पाहिजेत.

पहिल्या अर्ध्यावर तुझ्या शेजारच्याचा श्वास सुटतो. दुसऱ्या अर्ध्यावर तुझ्या कपाळाला आठी पडते. देवाची कामं दिसावीत म्हणून एक माणूस वीस-पंचवीस वर्षं अंधारात? तुला हे टोचलं असेल तर तू एकटी नाहीस. बर्मिंगहॅमचे जॉन हल हे धर्मशिक्षणाचे प्राध्यापक मध्यमवयात पूर्ण अंध झाले. बायबल आंधळेपणाकडे डोळसांच्या नजरेतून बघतं, त्याला अज्ञानाचं आणि पापाचं रूपक करून टाकतं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तेही श्रद्धावान ख्रिस्ती होते, २०१५मध्ये वारले. या अध्यायाशीही त्यांचं भांडण होतं. ते भांडण मी मिटवू शकत नाही. मला इतकंच ऐकू येतं, की शिष्यांनी कारण विचारलं आणि त्यांना मिळालं काम. मागच्या हिशेबाची वही येशूनं उघडलीच नाही.

मग थुंकण्याचा आवाज. बोटांनी माती कालवल्याचा आवाज. आज शब्बाथ, मळणं हे आजच्या मना केलेल्या कामांपैकी एक. पुढे मिश्ना या यहुदी ग्रंथात अशा कामांचे ३९ प्रकार लिहून ठेवले गेले. तो मळतो. शेजारच्या माणसाच्या पापण्यांवर चिखल लावतो आणि त्याला सांगतो, शिलोह तळ्यावर जाऊन धू. तुझ्याकडे तो वळत नाही. ही गोष्ट त्या माणसाची आहे. तू तुझे डोळे घेऊन आलीस, तेच घेऊन जाशील, आणि ती कुठल्याही विश्वासाची कमतरता नाही.

त्याच्याबरोबर जा. वाट उताराची, लांबरुंद पायऱ्यांची, तुमच्या दोघांची पावलं सारखीच जपून. खाली तळ्याला उतरायच्या पायऱ्या पाच-पाचच्या टप्प्यांत आहेत. सांडपाण्याच्या नळाचं काम निघालं तेव्हा, २००४मध्ये, त्या पुन्हा उजेडात आल्या. पाणी गार आहे. ते गीहोन झऱ्याचं, हिज्कीया राजाच्या वेळी खडक फोडून काढलेल्या ५०० मीटरहून लांब भुयारातून इथवर आलेलं. तो ओणवा होतो, पाणी खळबळतं. मग तो ओरडतो. त्या ओरडण्यात आनंद आहे की भीती, तुला सांगता येत नाही.

इथे जवळच एक बुरूज पडला होता, अठरा माणसं खाली गेली. ती बातमी लोकांनी येशूजवळ काढली नव्हती. त्यांनी दुसरी काढली होती: रोमी सुभेदार पिलातानं काही गालीली माणसांना यज्ञ करतानाच कापून काढलं, त्यांचं रक्त यज्ञांच्या रक्तात मिसळलं. बुरुजाची आठवण येशूनंच काढली, हे लूक सांगतो. ते अठरा जण यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते, असं तुम्हाला वाटतं? नाही. पण तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही असाच नाश होईल.

या 'पण'पाशी पुष्कळ लोक बायबल मिटतात. हा 'पण' न्याय रद्द करत नाही. देव प्रेमळ आहे, शिक्षा वगैरे काही नसते, असं येशू कुठेच म्हणत नाही. नरकाबद्दल त्याच्याइतकं त्या ग्रंथात क्वचित कुणी बोललं असेल. बेथेस्दा तळ्यावर अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला बरं केल्यावरसुद्धा त्यानं बजावलंच, पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. तो फक्त न्यायाची दिशा बदलतो. मेलेल्या अठरांकडे वळलेलं बोट तो धरतो आणि विचारणाऱ्याच्या छातीकडे फिरवतो. तू कशी जगते आहेस? आणि लगेच अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो: तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडा, माळी म्हणतो आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.

बोट तुझ्याकडे वळतं तेव्हा तुला काय आठवतं, ते मला माहीत आहे.

करोनाची दुसरी लाट. शेजारच्या खोलीतल्या वहिनींचा नवरा इस्पितळात गेला तो आलाच नाही. पिऊन तिला मारायचा, भिंतीतून तुला सगळं ऐकू यायचं. दहाव्या-बाराव्या दिवशी नळावर तू म्हणालीस, "मारायचा ना तिला. देवानं बघितलं बरोबर." मागे हंडा टेकल्याचा आवाज झाला आणि मग तुला कळलं, कोण उभं आहे. वहिनी बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या तुझ्याशी बोललेल्याच नाहीत. तू लोकलमधल्या त्या बाईंच्या जागेवर बसून निकाल दिला होतास, आणि तुझी खात्री होती की देव तुझ्या बाजूनं आहे.

इकडे तो तरुण पुन्हा पुन्हा चौकशीला बोलावला जातोय. नियमशास्त्राचे काटेकोर परुशी विचारतात, शब्बाथाला माती कालवणारा देवाकडचा कसा? आईबापांना बोलावतात. आईबाप घाबरलेले: तो मोठा आहे, त्यालाच विचारा. ज्याच्या डोक्यावरून आजवर सगळे बोलत आले, त्याला अखेर विचारलं जातं, आणि तो किती चांगला बोलतो! मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच मला माहीत आहे, यावरून तो हटत नाही. शेवटी ते भडकतात: तू पुरा पापात जन्मलेला, तू आम्हाला शिकवतोस? आणि त्याला हाकलतात. शिष्यांनी साधेपणानं विचारलेला प्रश्न इथे शिवी होऊन परत येतो. दृष्टी आली तरी निकाल पुसला गेला नाही.

येशू त्याला शोधत येतो. आणि तेव्हा 'न्याय' हा शब्द स्वतः उच्चारतो: मी या जगात न्यायासाठी आलोय, न दिसणाऱ्यांना दिसावं आणि दिसणाऱ्यांनी आंधळं व्हावं. जवळच्या परुश्यांना हे लागतं, आम्हीही आंधळे का? उत्तर असं, की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसतं. आम्हाला दिसतं म्हणता, म्हणून तुमचं पाप राहतं. अध्याय तिथे संपतो. सुरुवातीला आंधळेपण आणि पाप यांची जी गाठ शिष्यांनी गृहीत धरली होती, ती शेवटच्या वाक्यात अशी सुटते. दोषी ठरतो तो दुसऱ्याचा दोष आपल्याला दिसतो असं म्हणणारा.

अखेरच्या न्यायाचं चित्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, तेही आठव, कारण आता जिथे जायचं आहे तिथे ते लागणार आहे. राजा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो. भुकेल्याला खायला दिलंत का, तान्हेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला कपडा. आजाऱ्याला भेटलात का, तुरुंगात गेलात का. डावीकडचे सार्वकालिक अग्नीत जातात. ही शिक्षा खरी आहे आणि भीतीदायक आहे. पण त्या सबंध न्यायालयात भुकेला कशामुळे भुकेला होता, हा प्रश्न एकदाही निघत नाही. तुरुंगातल्याचा गुन्हा काय, हेसुद्धा राजा विचारत नाही.

केडगाव, दौंडजवळ. १९००. दुपार.

धुळीचा वास आणि त्याखाली दुसरा एक, उपासानं आंबलेल्या अंगांचा. १८९९चा पाऊस आलाच नाही. गुजरात-राजपुतान्यात लोक या काळाला छप्पनिया म्हणतात, विक्रम संवत १९५६वरून. बैलगाडीतून मुली उतरवल्या जातायत. तुझ्या हातात कुणाचा तरी हात येतो: मनगट तुझ्या दोन बोटांत मावतं. केस कापायची कात्री कटकट चालली आहे, पलीकडे पाणी तापतंय, भल्यामोठ्या भांड्यात काहीतरी शिजतंय. दीड हजारावर जीव इथे राहतात, विधवा, अनाथ, टाकून दिलेल्या. एबालच्या पाचव्या शापातली माणसं एका आवारात गोळा झाली आहेत.

पंडिता रमाबाई इथे, आपल्या मुक्ती सदनात, आहेत. तुझं बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं नाही. त्यांचे कान फार पूर्वीच अधू झाले, त्यापायी इंग्लंडात वैद्यक शिकायचं राहून गेलं. तुला दिसत नाही, त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा जवळ जा आणि मोठ्यानं बोल.

१८७४च्या दुष्काळात, मद्रास इलाख्यात, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई, मग थोरली बहीण. पोथ्या सांगत, पायी तीर्थं करत फिरणारं विद्वान कुटुंब अन्नावाचून संपलं. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी वारले. तेविसाव्या वर्षी पदरात मनोरमा. विधवेला तेव्हा समाज जे ऐकवत होता ते त्यांनी १८८७च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात मांडलं: नवरा मेला तो हिच्याच पूर्वजन्मीच्या पापानं, हिनंच त्याला खाल्लं. दहा वर्षांच्या मुलीलासुद्धा तो निकाल सुनावला जाई आणि शिक्षाही लगेच अमलात येई: केशवपन, एकवेळ जेवण, कोपरा. शिष्यांचा प्रश्न महाराष्ट्राच्या माजघरात उत्तरासह तयार होता.

१८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात उठलेलं वादळ तुला ऐकून माहीत असेल, ते इथे उगाळायला नको. मला इथे त्या बैलगाडीतून उतरणाऱ्या मुली महत्त्वाच्या वाटतात. कुठल्या जातीच्या, कुणाच्या, काय पाप करून आलेल्या, याच्या आधी पेज येते. रमाबाई पापाबद्दल बोलत नसत असं नाही. फार बोलत. १९०५मध्ये याच मुक्तीच्या आवारात पश्चात्तापाची लाट आली, शेकडो मुली रडत, ओरडत आपापली पापं कबूल करत होत्या, आणि त्याची बातमी जगभर गेली. पण कबुली ज्याची त्यानं द्यायची होती. भुकेलीच्या तोंडून तिच्या भुकेचा कबुलीजबाब कुणी घेतला नाही.

अंध मुलींसाठी इथे वेगळी सोय आहे. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. याच सुमाराला मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलर्ड यांनी दुष्काळातल्या अंध मुलांसाठी शाळा उघडली, तीच पुढे दादरची अंध मुलींची शाळा झाली. काही वर्षांनी मुक्तीत छापखाना धडधडू लागेल, रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणतील, आणि त्याचे खिळे जुळवतील इथल्याच बाया. ५ एप्रिल १९२२ला त्या जातील. मनोरमा त्याच्या आदल्याच वर्षी. आईच्या आधी लेक गेली. ते कुणाचं पाप, असंही कुणी विचारलं असेलच.

वांगणी. फलाट दोन.

इथे १७ एप्रिल २०२१ला एक अंध आई आपल्या पोराचा हात धरून चालत होती. पोर कडेला गेलं, रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस येत होती. आई फलाटावर हातांनी चाचपडत होती आणि आवाज कुठून येतोय ते तिला कळत नव्हतं. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत आले, पोराला वर ढकललं आणि स्वतः वर चढले, गाडी पुढच्या क्षणी गेली. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी त्याच मायलेकरांना देऊ केली. चाळीत तू ही गोष्ट कितीदा ऐकलीस, प्रत्येक वेळी सांगणारा गाडीचा आवाज करून दाखवायचा. 'दिवस आहे तोवर काम' म्हणजे काय, हे समजायला तुला पुस्तक लागलं नसतं.

गेटमधून बाहेर पड. वडापावची गाडी, डावीकडे रिक्षांचा धूर, मग चिंचोळी गल्ली. आज आपल्या खोलीकडे वळू नकोस. तिच्या अलीकडचं दार.

काठी भिंतीला टेकव. कडी वाजव.

"कोण?"

"मी आहे, वहिनी."

आतून उत्तर नाही. टीव्हीचा आवाज कमी होतो.

"त्या दिवशी नळावर मी बोलले ते चुकीचं बोलले. देवानं काय बघितलं, ते मला कुठे माहीत? तुमचं माणूस गेलं होतं, मी यायला हवं होतं. आलेच नाही."

"इतकी वर्षं लागली होय गं तुला?"

"लागली."

कडी निघते.

"ये. जपून पाय टाक, उंबऱ्याशी पाणी सांडलंय."